मानेने शोधलेली वायर

लोकांच्या भिंतींना कान असतात म्हणे. मिस्त्रींच्या भिंतींना साधा खिळासुद्धा नव्हता. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांच्या घरांना गिलावा केला आणि शेवटचं काम म्हणून स्वतःचं घर हाती घेतलं. खालचा हॉल, स्वयंपाकघर, वरची खोली, सगळीकडे आधी लोखंडी जाळी ठोकली, तिच्यावर दोन थर गिलावा, आणि त्यावर असा घोटून हात मारला की माशी बसली तर घसरावी. मग जाहीर केलं की या भिंतींना आता कुणी हात लावायचा नाही. तेव्हापासून घड्याळ कपाटावर आडवं पडून वेळ सांगायचं, कॅलेंडर खिडकीच्या गजाला लटकायचं, आणि मिस्त्रीणबाईंचे आईवडील फोटोतून, फ्रिजवर टेकून, जावयाकडे बघत बसायचे. मिस्त्री रोज सकाळी चहा घेत समोरच्या भिंतीकडे टक लावून बघायचे. आपल्याकडे या माणसाने असं एकदाही बघितलं नाही, हे मिस्त्रीणबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

अशा घरात सून आली ती हातांनी बोलणारी. तोंडाने बोलायलाही ती काही कमी नव्हती, पण हातावर पोट म्हणतात ते तिचं अगदी खरोखरचं होतं. ज्यांना ऐकू येत नाही अशा माणसांची ती दुभाषी. वरच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसायची. पडद्यावर एका चौकोनात डॉक्टर नाहीतर बँकेतला साहेब, दुसऱ्या चौकोनात त्यांच्याकडे काम असलेलं माणूस. साहेबाचं बोलणं ती हातांच्या खुणांनी सांगायची आणि समोरच्याच्या खुणा तोंडाने. या धंद्याचा नियम मोठा कडक होता. समोर जे बोललं जाईल ते सगळं सांगायचं, आणि जो बोलला त्याचा 'मी' तोच आपला 'मी' करून सांगायचं. गाळायचं नाही, गोड करायचं नाही, पदरचं घालायचं नाही. काम चालू असेतो दुभाष्याला स्वतःचं मत नसतं.

हा नियम सूनबाईच्या अंगात इतका मुरला होता की घरातही सुटायचा नाही. मिस्त्री आणि मिस्त्रीणबाई यांचा अबोला महिन्यातून एकदा तरी ठरलेला, आणि निरोप्याचं काम सुनेकडे. ती स्वयंपाकघरात यायची आणि निर्विकार चेहऱ्याने म्हणायची, मला तुझ्या हातचं पाणीसुद्धा नको. मिस्त्रीणबाई आधी दचकायच्या, मग त्यांच्या लक्षात यायचं की हे म्हातारं बोलतंय. त्यांचं उत्तरही जसंच्या तसं हॉलमध्ये पोचायचं. सासऱ्याला तोंडावर 'मग मरा तहानेने' म्हणणारी सून अख्ख्या गल्लीत हीच. मिस्त्रींना ती फार आवडायची. बाकीचे गोडगोड बोलतात आणि ही खरं बोलते, असं त्यांचं मत.

अडचण होती ती नेटची. नेटचा डबा खाली हॉलमध्ये आणि सूनबाई वर. मधे मिस्त्रींची जाळी, तिच्यातून नेट धड वर पोचायचं नाही. नेटवाला येऊन बघून गेला, आणि म्हणाला, काका, तुम्ही घर नाही, पिंजरा बांधलाय. मिस्त्रींना वाटलं आपलं कौतुक चाललंय. त्यांनी त्याला चहा पाजला.

वरच्या खोलीत चित्र मधेच थिजायचं. एकदा एका डॉक्टरांनी पेशंटला सांगितलं की ही गोळी रिकाम्या पोटी घेऊ नका. आता हातांच्या बोलीतही 'नको' शेवटीच येतं, आपल्यासारखंच. सूनबाईचे हात रिकामं पोट, गोळी, घेणं, इथवर गेले आणि चित्र थिजलं. 'नको' काही पोचलंच नाही. पेशंट शहाणा म्हणून त्याने परत विचारून घेतलं, नाहीतर काय प्रसंग होता. पण सूनबाईला ही कामं देणाऱ्या कंपनीने ते मनावर घेतलं. कंपनीतल्या परीक्षक बाई, ज्यांना स्वतःलाच ऐकू येत नव्हतं, त्या आता स्वतः कॉलवर बसून चाचणी घेणार होत्या. चित्र एकदा जरी थिजलं तरी सूनबाईचं नाव यादीतून जाणार.

मुलाने त्यावर तोड काढली होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक भाड्याची जागा बघून ठेवली. तिथल्या भिंती पुठ्ठ्यासारख्या, शेजारी शिंकला तर आपण नाक पुसावं अशा, पण नेट फुल. चाचणी फसली तर तिकडे जायचं, आणि दुसऱ्या कंपनीत नव्याने सुरुवात करायची. हे मिस्त्रींना सांगायचं नाही असं सूनबाईनेच सासूकडून वदवून घेतलं होतं. बाबांना ती धमकी वाटेल, म्हणाली. मुलगा तर काय, दोन्ही डगरींवर हात ठेवून कामावर निघून जायचा.

मिस्त्रीणबाईंनी वचन दिलं आणि त्या दिवसापासून त्यांना अन्न गोड लागेना. ही गेली की घरात राहणार कोण? आपण, हा माणूस आणि त्याच्या भिंती. संध्याकाळी वरून जिना उतरताना सूनबाई दिवसभराचे किस्से हातवारे करून सांगायची, दोघी पोट धरून हसायच्या. ते सगळं जाणार. त्यांना या पोरीचा लळा लागला होता, आणि सुनेला असं तोंडावर सांगायची त्यांना लाज वाटत होती. म्हणून त्यांनी ठरवलं की बोलायचं नाही, करायचं.

त्यांनी नेटवाल्याला परत बोलावलं. त्याने सांगितलं, वायर टाकू, छताला एक भोक पाडू. मिस्त्री ताडकन उठले. माझ्या जिवात जीव आहे तोवर भोक पडणार नाही, म्हणाले. नेटवाल्याने मान खाजवली आणि टीव्हीच्या कपाटामागे डोकावला. तिथे जुन्या केबल टीव्हीची जाड, गोल, काळी वायर भिंतीत शिरत होती. तो एकदम खूश झाला. ही दुसरीकडून वर निघत असेल तर भोक कशाला हवं? खाली एक डबी, वर एक डबी, नेट आपलं टीव्हीच्या जुन्या वायरीतून वर जाईल. आम्ही याला मोका म्हणतो. तुमच्याकडे मोका बसवून देतो.

"मोका बसवायचा नसतो," मिस्त्री म्हणाले, "साधायचा असतो." आणि स्वतःच्या विनोदावर खूश होऊन त्यांनी सांगून टाकलं की वर कसली वायर नाही, होती ती गिलाव्याखाली गेली, विषय संपला. एकदा गिलाव्याखाली गेलेलं ते परत उकरत नसत.

मिस्त्रीणबाई मूग गिळून गप्प बसल्या. वर वायर होती हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पूर्वी पाय मोडला तेव्हा त्या वरच्या खोलीत आडव्या पडून होत्या, आणि करमावं म्हणून टीव्ही वर नेला होता. त्या टीव्हीची वायर भिंतीतल्या सॉकेटातून यायची. सॉकेट कुठे, एवढंच आठवत नव्हतं. भिंत आता कोरी. लोहचुंबक लावून बघितलं, तर जाळीमुळे ते जिथे लावावं तिथे चिकटायचं.

चाचणी दुपारी चारला होती. त्या दिवशी सकाळी मिस्त्रीणबाईंनी दोन गोष्टी केल्या. एक, नेटवाल्याकडून त्या दोन डब्या मागवून घेतल्या. तो म्हणाला, वायरीच्या आत तांब्याची तार असते, ती वाकू देऊ नका, टोपण गोल फिरवून घट्ट करा, बास. दुसरी, जेवताना सहज बोलल्यासारखं केलं की पलीकडच्या शिंप्याने दुकानाला गिलावा करून घेतलाय आणि लोक म्हणतात, मिस्त्रींचा हात यापुढे काहीच नाही.

मिस्त्रींचा घास हातातच राहिला. ओळंबा खिशात घालून ते तडक निघाले. शिंप्याशी मिस्त्रीणबाईंनी आधीच बोलून ठेवलं होतं; चहा दोनदा द्यायचा आणि कौतुक करत राहायचं.

इकडे दोघी वर. मिस्त्रीणबाईंनी सूनबाईला सांगितलं की डोक्याला आठवत नसलं तरी मानेला आठवेल. त्या टीव्हीकडे बघून बघून त्यांची मान अशी धरली होती की पाय बरा झाला तरी ती दुखत होती. तेव्हा पलंग खिडकीखाली होता. त्या तिथे जमिनीवर सरळ आडव्या झाल्या, डोळे मिटले आणि मान हळूहळू उजवीकडे फिरवायला लागल्या. सूनबाई खडू घेऊन तयार. मान फिरत फिरत एका जागी आली, आणि बाई कळवळल्या. "अगं आई गं! इथंच. हीच ती कळ."

नजरेच्या रेषेत भिंतीवर खडूची फुली पडली. खलबत्त्यातला बत्ता आणि मिस्त्रींचीच जुनी छिन्नी. पहिला ठोका बाईंनी डोळे मिटून घातला, दुसरा एक डोळा उघडून, आणि दहाव्यापर्यंत त्यांना मजा यायला लागली. इतक्या वर्षांचे एकेक अबोले त्या भिंतीतून निघत होते. पण वायर काही निघाली नाही. फुलीच्या वर एक भोक पाडलं, खाली एक पाडलं. तीन भोकं झाली, आत नुसती जाळी आणि विटा.

सूनबाई घामाने निथळत खाली बसली. तिने घड्याळ बघितलं, आणि म्हणाली, राहू दे आई, आपण प्रयत्न केला. मिस्त्रीणबाईंनी छिन्नी खाली ठेवली. त्या भोकांकडे बघत बसल्या. मग त्यांनी कपाळावर हात मारला. पाय मोडला तेव्हा प्लास्टरचा पाय उशीवर ठेवायला जागा हवी म्हणून त्या पलंगावर उलट्या झोपायच्या. डोकं इकडे नाही, तिकडे. मान उजवीकडेच वळायची, पण ती उजवी समोरच्या भिंतीकडे जात होती.

आता ही चूक म्हणावी की काय म्हणावं! मान खरं बोलत होती, बाई उलट्या पडल्या होत्या.

समोरच्या भिंतीवर दोन ठोक्यांत गिलाव्याचा पापुद्रा सुटला आणि आत सॉकेट दिसलं. त्याच्यावर प्लास्टिक घट्ट गुंडाळलेलं, वरून दोऱ्याने बांधलेलं. गिलावा करताना मिस्त्रींनी ते बुजवलं खरं, पण आधी नीट झाकून ठेवलं होतं, सिमेंटचा एक कण आत जाऊ नये म्हणून. मिस्त्रीणबाईंना क्षणभर वाईट वाटलं. एवढ्या काळजीने झाकणाऱ्या माणसाला आपण शिंप्याकडे पिटाळलं.

वाईट वाटून घ्यायला मात्र वेळ नव्हता. एक डबी खाली लावली, एक वर. बराच वेळ वरचा दिवा लुकलुकत राहिला, दोघींचा जीव टांगणीला लागला, आणि मग तो हिरवा होऊन स्थिर झाला. सूनबाईने कॉम्प्युटरला वायर जोडली. नेट असं धो धो आलं की तिने सासूला कडकडून मिठी मारली. मिस्त्रीणबाईंनी लगेच घमेल्यात सिमेंट कालवलं आणि तिन्ही भोकं लिंपायला घेतली. जन्मभर नवऱ्याचं काम बघितलंय, त्यात काय एवढं, असं त्यांना वाटत होतं. झालं ते असं की भिंतीवर कुणीतरी तीन शेणाच्या गोवऱ्या थापल्यासारखं दिसायला लागलं. चार वाजले. गोवऱ्या नेमक्या सूनबाईच्या पाठीमागे. पडद्यावर परीक्षक बाई आल्या, आणि मिस्त्रीणबाई घमेलं घेऊन दाराआड सरकल्या.

चाचणी सुरू झाली. सुरुवातीला एक साहेब घरभाड्याच्या करारातली कलमं वाचत होता आणि सूनबाईचे हात चालत होते. चित्र एकदाही अडकलं नाही. परीक्षक बाई बघत होत्या, मान डोलवत होत्या. साहेबाचं काम आटोपलं, तो निघून गेला. आता परीक्षक बाईंचे शेवटचे दोन शब्द राहिले होते.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. शिंप्याच्या दुकानातला गिलावा इतका वाईट निघाला की मिस्त्रींना तो बघवेना, स्वतः दुरुस्त करून देतो म्हणाले, आणि थापी घ्यायला घरी आले. थापी वरच्या खोलीच्या माळ्यावर होती.

दारात पाय ठेवताच त्यांना ओल्या सिमेंटचा वास आला. मग गोवऱ्या दिसल्या. मग समोरच्या भिंतीतलं उघडं सॉकेट. मिस्त्रीणबाईंची पाचावर धारण बसली. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, पडद्याकडे दाखवलं, हात जोडले. पण तळपायाची आग मस्तकात गेलेला माणूस कसल्या खुणा बघतो?

परीक्षक बाईंना सूनबाईच्या मागे हात उडवणारा एक म्हातारा दिसला. त्यांनी हातांनी विचारलं, हे गृहस्थ काय म्हणतायत?

सूनबाई घामाघूम झाली. चाचणी अजून संपली नव्हती, आणि नियम तो नियम. समोर बोललं जाईल ते सगळं सांगायचं. तिने सरळ बसून हात उचलले.

मिस्त्री म्हणाले, माझ्या भिंतीची कत्तल केली. सूनबाईच्या हातांनी सांगितलं, माझ्या भिंतीची कत्तल केली. मिस्त्री म्हणाले, आणि हे वर लिंपलंय काय, हे काम आहे का कोंबडीची विष्ठा? सूनबाईने तेही सांगितलं, कोंबडीसकट. परीक्षक बाई पुढे झुकल्या, गोवऱ्या न्याहाळल्या आणि हात हलवले. आता सूनबाईला ते तोंडाने सांगणं भाग होतं. "मी बघतेय," ती खालमानेने म्हणाली, "फारच वाईट काम आहे. कुणी केलं?"

मिस्त्री चमकले. मग त्यांना कळलं की हे सून नाही, पडद्यावरची बाई बोलतेय, आणि बाईंना कामातलं कळतं. "हिने!" त्यांनी बायकोकडे बोट दाखवलं. मिस्त्रीणबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं सुटलं. वचनही सुटलं. दाराआडून त्या बाहेर आल्या, हातात घमेलं, आणि नवऱ्याला म्हणाल्या, "हो, मी केलं. ती वायर मिळाली नसती तर ही पोरगी घर सोडून जाणार होती. जागासुद्धा बघून झालीये. घ्या आता तुमच्या भिंती मांडीवर!"

सूनबाईचे हात हे सांगताना अडखळले, पण थांबले नाहीत. ही पोरगी घर सोडून जाणार होती, असं तिला स्वतःबद्दलच सांगावं लागलं.

मिस्त्रींनी भिंतीकडे बघितलं, मग सुनेच्या पाठीकडे. रागाने वर उचललेला हात कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. तो त्यांनी ओल्या सिमेंटवर ठेवला.

"मला कुणी सांगितलं का?" ते म्हणाले. आवाज एकदम उतरला होता. "हे सांगून सॉकेट मागितलं असतं तर डोळे मिटून काढून दिलं असतं. मला वाटलं, हौसेची वायर आहे. पोरी, तू जाऊ नकोस. तू गेलीस तर माझ्याशी खरं कोण बोलणार? मला नाही करमणार."

सूनबाईने ते सांगितलं. 'मी' म्हणून, जसंच्या तसं. मला नाही करमणार, हे तिच्या हातांनी सांगितलं तेव्हा तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि हात कामात असल्यामुळे ते पुसताही येत नव्हतं. मिस्त्रीणबाईंना रडू आलं आणि रागही आला. मान आपण मोडून घेतली, ठोके आपण घातले, आणि मनातलं बोलायची वेळ आली तेव्हा म्हातारा पुढे गेला.

पडद्यावर परीक्षक बाईंचे हात हलले, आणि सूनबाई ते तोंडाने सांगू लागली. "चित्र एकदाही थिजलं नाही. तुमच्याविरुद्ध बोललेलंही तुम्ही गाळलं नाहीत. चाचणी संपली, तुम्ही पास." बाईंचे हात परत हलले. "आता तुम्ही दुभाषी नाही. त्यांनी तुम्हाला काहीतरी सांगितलंय. उत्तर द्या."

सूनबाईने हात खाली मांडीवर ठेवले. लोकांचं बोलणं न अडखळता सांगणाऱ्या त्या पोरीला स्वतःचं एक वाक्य सापडेना. ती खुर्ची फिरवून सासूसासऱ्यांकडे वळली.

"मलाही नाही करमणार," ती म्हणाली. "दोघांशिवाय."

मिस्त्रींनी नाक ओढलं, खिशातून रुमाल काढून तो तिला दिला, आणि माळ्यावरून थापी काढून पहिली गोवरी खरवडायला घेतली. मिस्त्रीणबाईंनी घमेलं त्यांच्या पायाशी नेऊन ठेवलं. सिमेंट पातळ झालंय, ते म्हणाले, आणि बाई पहिल्यांदाच उलट न बोलता आणखी सिमेंट आणायला खाली गेल्या.